पालखी फार हलकी झाली, दादा

ठाणे, खाडीकडची आळी
शिमग्यानंतरचा पहिला रविवार, १९९४

तीर्थरूप गोमाजीदादास,

धाकट्या भावाचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (दोन्ही हात काळे आहेत, पण साबण लावून झाला आहे. आता जो काळेपणा उरला आहे तो कातडीचाच समजावा.) इकडे आईच्या कृपेने सगळे बरे आहोत. भागीरथी बरी आहे, म्हातारं कुत्रं बरं आहे, खाडीत मासळी नाही पण डासांना तोटा नाही. तिकडे मोहन्याला तुम्ही सगळे कसे आहात? वहिनीचा गुडघा काय म्हणतो? टीव्हीचा अँटेना सरळ करायला तू मॅचच्या दिवशी पत्र्यावर चढलास आणि अँटेनासकट खाली आलास, त्या खांद्याबद्दल कोणी विचारायचं नाही अशी तुझी सक्त ताकीद आहे, म्हणून मी विचारत नाही. फक्त वहिनीकडून एवढंच कळलं की तू हल्ली केस डाव्या हाताने विंचरतोस. विंचरण्याइतके केस अजून शिल्लक आहेत हे ऐकून आम्हा दोघांना आनंद झाला.

पत्रास कारण असं, की टिटवाळ्याच्या आतेने एव्हाना तुझ्या कानावर घातलंच असेल की धाकूने गावदेवीची पालखी प्लास्टिकची केली. आतेला सांग की ते प्लास्टिक नाही. त्याला कार्बन फायबर म्हणतात. कोळशाच्या जातीचा, केसाहून बारीक धागा असतो, त्याचं विणलेलं काळं कापड येतं. ते साच्यात अंथरायचं, ब्रशने त्याला रेझिन म्हणजे एक चिकट राळ पाजायची, आणि ती सुकली की जे बाहेर येतं ते लोखंडासारखं कडक आणि सुपासारखं हलकं असतं. विमानाला लावतात, आते. (हे तिला मोठ्याने वाचून दाखव.) आणि आख्ख्या ठाण्यात हे काम हाताने, यंत्राशिवाय, असं करणारा माणूस आहे कोण, तर तुझा भाऊ. जेराल्डलाही येतं, पण जेराल्ड मालक आहे, तो आता जास्त करून खुर्चीत बसून मला चुका दाखवतो.

हे कापड माझ्याकडे आलं कुठून, ते आधी सांगतो. वागळे इस्टेटला जेराल्डच्या शेडमध्ये मी इतकी वर्षं काय काय बनवलं ते तुला माहीत आहे. पाण्याच्या टाक्या, बसच्या सीटा, रिक्षाचे हूड आणि एका बागेसाठी तो सिंह, जो तयार झाल्यावर जेराल्डच्या सासऱ्यासारखा दिसला. हे सगळं काचेच्या फायबरचं. गेल्या वर्षी एका कंपनीने एक्स-रे काढायच्या टेबलाचे पाट आमच्याकडे करायला दिले. ते कार्बनचेच लागतात, कारण त्यातून एक्स-रे आरपार जातो. ते काम मी असं केलं की कंपनीचा साहेब पाटावर हात फिरवत राहिला, बोललाच नाही. (जेराल्ड म्हणतो साहेबाचा घसा बसला होता. त्याला कोणाचं बरं बघवत नाही.) त्यातले उरलेले तागे नि तुकडे शेडच्या माळ्यावर पडून होते. मी पालखीसाठी मागितले तर जेराल्डने विचारदेखील केला नाही. त्याची आजी म्हणे दर चैत्रात घरी न सांगता आपल्या गावदेवी आईची ओटी भरून जायची, आणि ते त्याला तिच्या मयताच्या दिवशी आपल्या वाड्यातल्या म्हाताऱ्या रखमाबाईकडून कळलं होतं. घेऊन जा म्हणाला, फक्त ब्रश धुऊन परत आण.

पालखीला झालं काय होतं, तेही तुला ठाऊक नसणार, कारण गेल्या चैत्री पुनवेलाही तुला रजा मिळाली नव्हती. (तुझ्या खात्याला चैत्री पुनव आली की माणसांचा तुटवडा कसा पडतो, हे मला कोडंच आहे.) तर गेल्या साली पालखी खाडीच्या वळणावर आली आणि उजवी दांडी कर्र करून वाजली. उघडून बघितली तर आतून वाळवीने पोखरलेली. पणजोबांनी होडीच्या सागवानातून केलेली पालखी, उचलायला आठ जण लागायचे, आणि चौघांच्या खांद्यावर ती टेकली की पाचवा माणूस नुसता बघूनच घामाघूम व्हायचा. समितीची बैठक बसली. अध्यक्ष दामाजीकाका. ते म्हणाले लाकडाची नवी करू, पण तसं लाकूड आता मिळतं कुठे आणि तसा सुतार तरी कुठे आहे यावर चर्चा लांबली. मी मध्येच उठून उभा राहिलो. खरं म्हणजे पायाला मुंग्या आल्या होत्या. पण सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि माणसं बघायला लागली की माझ्या तोंडून काहीतरी मोठं निघतंच. मी म्हणालो, पालखी मी करतो, हुबेहूब तशीच करतो, आणि ती चार जण हसत हसत नेतील. दामाजीकाका म्हणाले कर, पण उचलून बघितल्याशिवाय गाव हो म्हणणार नाही, आणि गाव नाही म्हणालं तर जुनीलाच लोखंडी पट्ट्या मारू. म्हणजे आणखी जड. तेव्हा दादा, माझी अब्रू पणाला लागली होती, आणि अब्रूशिवाय आणखी एक गोष्ट होती ती पत्राच्या शेवटी लिहीन.

पहिलं काम साच्याचं. जुनी पालखी समाजमंदिराच्या मागच्या खोलीत घेतली, भोकं आणि भेगा मातीने बुजवल्या, मग मेण लावायचं आणि पुसायचं, परत लावायचं आणि पुसायचं, इतकं की भागीरथी म्हणाली माझ्या भांड्यांना कधी असा हात लावला नाहीस. मेण नीट बसलं नाही तर साचा नि पालखी एकमेकांना जन्मभर सोडत नाहीत. मग त्यावरून काचेच्या फायबरचा साचा काढला. साचा हा फार प्रामाणिक असतो, दादा. त्याला चांगलं-वाईट कळत नाही. पुढच्या मोराची मोडलेली चोच, बाबांनी ठोकलेला वाकडा खिळा, कुठल्याशा साली पेट्रोमॅक्समधून गळलेल्या तेलाचा फुगलेला डाग, सगळं जसंच्या तसं त्यात उतरलं. मी चोच नीट करणार होतो, पण दगडू भगताने अडवलं. आईला ती चोच तशीच माहीत आहे म्हणाला. पुढच्या उजव्या कोपऱ्याच्या खालच्या अंगाला आणखी एक गोष्ट उतरली. तिच्याबद्दलही नंतर.

मग कार्बन अंथरायचा दिवस. कापड कापून मांडलेलं, साचा आरशासारखा, मी मागच्या दारी रेझिनमध्ये हार्डनर मिसळतोय. एकदा ते मिसळलं की थांबता येत नाही. भांड्यातच तापायला लागतं आणि जरा उशीर केला की धूर काढून दगड होतं. मी भांडं घेऊन आत येतो तो काय, भागीरथीने साच्याच्या पुढच्या फळीवर हळदकुंकू लावून ठेवलेलं. पाची बोटं, ओली. आपल्याकडे नव्या होडीची फळीसुद्धा हळदकुंकवाशिवाय चढत नाही, मग आईची पालखी तशीच कशी चढेल, असा तिचा सवाल. सवाल बरोबर होता, पण साच्यात जे लागेल ते पालखीच्या वरच्या अंगाला येतं, आणि पुसावं तर मेण निघतं. हातात भांडं तापतंय. मी आईचं नाव घेतलं, भागीरथीचंही घेतलं (जरा वेगळ्या सुरात), आणि रेझिन ओतलं. पुढे मात्र मान वर केली नाही. कापडाचा एक थर उभा, एक आडवा, एक तिरपा, प्रत्येक थरातला बुडबुडा रोलरने कडेला हाकलायचा, मोराच्या पिसाऱ्यात ब्रशच्या टोकाने टोचून टोचून कापड बसवायचं. विमानवाले वरून यंत्राने दाब देतात. आमच्याकडे बाबांच्या जुन्या जाळ्यांचं शिसं होतं. ते भागीरथीच्या साडीच्या पिशव्या शिवून त्यात भरलं आणि जागोजाग ठेवलं. मग उष्णता हवी म्हणून साचा बोंबील वाळवायच्या अंगणात नेला आणि वर काळं प्लास्टिक घातलं. उन्हाने काम चोख केलं. बोंबलांनीही केलं. आठवडाभर पालखीला तो वास होता आणि वाड्यातली मांजरं दर्शनाला येत होती.

साचा उघडायला गेलो तर सोडेना. लाकडाच्या पाचरी मारल्या, कडेने गरम पाणी सोडलं, हातोडीने हळूहळू ठोकलं, जेराल्डला बोलावलं. तो खुर्ची घेऊनच आला. शेवटी कुठेतरी आत टक् असा आवाज झाला आणि पालखी साच्यातून सुटली. मी ती एका बोटाने उचलली. काळी, चकचकीत, आत विणीचं कापड दिसतंय, मोडक्या चोचीचा मोर जसाच्या तसा. दादा, मी आयुष्यात टाक्या पुष्कळ केल्या, पण त्या दिवशी माझ्या डोळ्यांना पाणी आलं. जेराल्डनेही चष्मा पुसला आणि म्हणाला, कड जरा जाड राहिली आहे.

कड घासताना जे झालं त्यात माझी चूक आहे असं समिती म्हणते. कार्बन घासला की काजळासारखी पूड उडते, ती अंगाला बसते, खाजते, आणि घामाबरोबर सगळीकडे जाते. म्हणून पाणी मारून घासायचं असतं. मी बाकी सगळं पाण्याने घासलं, पण दांड्यांची टोकं घाईत कोरडीच घासली. त्याच खोलीत लाऊडस्पीकरचा अँप्लिफायर होता हे लक्षात राहिलं नाही. कार्बनची पूड विजेला वाट देते. संध्याकाळी दामाजीकाका माइकवरून वर्गणीबद्दल बोलायला उभे राहिले आणि दुसऱ्याच वाक्याला अँप्लिफायरमधून फाट् करून जाळ निघाला. समितीने मला खुलासा विचारला. पण वाटेत भेटलेल्या निम्म्या गावाने मला चहा पाजला. त्यानंतर बारीक पेपर, त्याहून बारीक पेपर, लॅकरचे हात आणि मऊ फडक्याने पॉलिश, असं करत करत पालखी अशी झाली की तिच्यात बघून भागीरथीने टिकली लावली.

पण गावाला दाखवली आणि पहिला अडथळा रंगाचा आला. आईची पालखी काळी? बायका कुजबुजल्या, दामाजीकाकांनी डोक्याला हात लावला. मी विणीची तारीफ करत होतो, विमानाचं सांगत होतो, कोणी ऐकेना. तेवढ्यात कोणाला तरी चकाकीच्या आत ती पाच बोटं दिसली. हळदकुंकवाची, लखलखीत, नखाने खरवडली तरी न जाणारी. दोन बायकांनी तिथेच हात जोडले. आईचा हात उमटला अशी बातमी मागच्या रांगेपर्यंत पोहोचली. मी गप्प राहणार होतो (कारागिराने कधी गप्प राहावं हे मला कळतं), पण भागीरथी मोठ्याने म्हणाली की बोटं तिची आहेत आणि अंगठीचा वळ बघून घ्या. परत कुजबुज. शेवटी रखमाबाई काठी टेकत पुढे आली. तिने पालखीला गाल लावला आणि दामाजीकाकांना म्हणाली,

"आई सवता काल्या दगराची हाय. तिला काला रंग चालत नाय, तं तिनं सवतालाच आदी नाय म्हनावं."

रंगाचा विषय तिथेच मिटला.

दुसरा अडथळा मात्र मी स्वतः बनवला होता, तोही रात्रंदिवस कष्ट करून. उचलून बघायची वेळ आली. आत आईच्या जागी नारळ ठेवला. चारही मानाच्या घरांची माणसं उभी राहिली. पुढचा उजवा खांदा आपल्या घराचा, तिथे तू नसल्यामुळे दामाजीकाकांचा मेव्हणा जगन उभा असतो, हल्ली जरा जास्तच ऐटीत. चौघांनी जुन्या पालखीच्या सवयीने कंबर कसली, दात आवळले, आईच्या नावाने आरोळी दिली आणि जोर लावला. पालखी खांद्यावर थांबलीच नाही. ती त्यांच्या डोक्यावरून वर गेली, नारळ उडाला, मांडवाची ट्यूबलाइट फुटली आणि जगन तोल जाऊन मागे बसला. मला तर हसू आवरेना. मी म्हणालो, बघा. पण कोणी हसत नव्हतं. दगडू भगत नारळाकडे बघत होता. तो हळूच म्हणाला, "आई बसली नाय."

आणि मग माझ्या ध्यानात आलं, दादा. मी सगळं मोजलं होतं, पण हे नाही. दरसाल पालखी खाडीच्या वळणावर येते, आई पाण्याकडे बघते, आणि पालखी जड होते. चौघांचे गुडघे वाकतात, वाकलेले गुडघे बघून गाव हात जोडतं, की आई आहे. मी अशी पालखी केली होती की जी सात जन्मात जड होणार नाही. मी रागाच्या भरात बोललो की आई लाकडाच्या वजनात असते का. बोलायला नको होतं. भगताने खांद्यावरचं उपरणं काढून हातात घेतलं, आणि लोक उठायला लागले. माझी सगळी मेहनत, ते टोचून टोचून बसवलेलं कापड, तिथे मांडवात पडलं होतं आणि लोक चपला शोधत होते. मला तेव्हा फार वाईट वाटलं, ते लपवत नाही.

थांबवलं कोणी, तर दामाजीकाकांनी. ज्यांचा अँप्लिफायर मी जाळला त्यांनी. ते उभे राहून पालखीभोवती एक फेरी मारून आले, दांडीवर चापट मारली आणि म्हणाले,

"होरी खाली असली तं ती पान्यावर नाचतेच. आपन काय करतो? निरम भरतो. भरा मंग."

झालं. ज्या गावाला विमान कळलं नाही त्याला होडी एका क्षणात कळली. रिकाम्या होडीच्या तळाशी दगड भरल्याशिवाय ती नीट चालत नाही, मग आईच्या पालखीचं काय नवल. लगेच खाडीवरून दगड आणले. माझ्याच त्या साडीच्या पिशव्यांत भरून बैठकीखाली चार कोपऱ्यांत बसवायचं ठरलं. मी वजन कमी करायला जीव काढला आणि आता माझ्याच हाताने त्यात दगड भरणार. जेराल्डला सांगितलं तर तो खुर्चीवरून पडायचाच बाकी राहिला. पण दगड भरून चौघांनी परत उचलली तेव्हा ती खांद्यावर रुबाबात बसली, गुडघे जरासे लवले, भगताच्या अंगात शहारा आला आणि रखमाबाईने ओवाळलं. पालखी पास झाली. पुऱ्या वाड्यात आता मला फायबरवाला म्हणत नाहीत, पालखीवाला म्हणतात. पणजोबांनंतर हा मान मलाच मिळाला आहे, आणि हे मी तुला नम्रपणेच कळवतो आहे.

घरातल्या थोरांना दंडवत, लहानांच्या गालांना माझ्या काळ्या बोटांचा एक एक ठसा. पत्र वाचून झालं की आतेकडे पाठव, तिने ते चारचौघांत वाचावं.

तुझा,
धाकू

ता. क. भागीरथीने पत्र वाचलं. ती म्हणते पालखी साच्यातून निघाली तेव्हा मी ती एका बोटाने नाही, दोन्ही हातांनी उचलली, आणि एका टोकाला ती स्वतः होती. असेल. मला एकच बोट आठवतं.

ता. क. दुसरा. ज्या साडीच्या पिशव्या शिवल्या ती भागीरथीला लग्नात वहिनीने दिलेली मोरपंखी साडी होती. वहिनीला सांगू नकोस. सांगायचंच झालं तर म्हण की ती आता आईच्या अंगाखाली असते.

ता. क. तिसरा, आणि हा आतेला वाचून दाखवू नकोस. फाडून घे.

समितीत असं ठरलं आहे की आपल्या घराचा थोरला यंदाही खांद्याला उभा राहिला नाही तर पुढचा उजवा मान जगनच्या घराला कायमचा द्यायचा. दामाजीकाकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आणि सांगताना त्यांनाही बरं वाटत नव्हतं. मी उभा राहू शकत नाही, थोरला असताना धाकटा चालत नाही. रजेचं तू जे लिहितोस ते मी कधीच खरं धरलं नाही. केस डाव्या हाताने विंचरणारा माणूस सागवानाची दांडी उजव्या खांद्यावर घेऊ शकत नाही, आणि ते चारचौघांत सांगण्यापेक्षा तो रजा नाही म्हणेल, हे मला कळतं. मी बैठकीत उठून उभा राहिलो तो मुंग्यांमुळे नाही. विमान, एक्स-रे, सगळं खरं आहे, पण पालखी मी हलकी केली ती तुझ्यासाठी.

त्या पुढच्या उजव्या कोपऱ्याच्या खालच्या अंगाला साच्यातून काय उतरलं सांगू? लहानपणी तू ब्लेडने कोरलेला 'गो'. त्यापायी बाबांनी तुला खाडीपर्यंत पळवलं होतं. मी घासायला पेपर हातात घेतला आणि ठेवून दिला. तो आता कार्बनमध्ये आहे, वाळवी लागणार नाही.

आणि दगडांचं मनावर घेऊ नकोस. चारही पिशव्या मी एकट्याने भरल्या आहेत. तीन पिशव्यांत दगड आहेत. तुझ्या कोपऱ्यातल्या पिशवीत पालखी पास झाल्यावर मी नुसता काथ्या भरून ठेवला आहे. चैत्री पुनवेला सकाळीच ये. फक्त एक कर, खाडीच्या वळणावर बाकीचे तिघे गुडघ्यात वाकतील, तेव्हा तूही वाक.